मधला ठिपका

अमरावतीत मी फ्रेंच शिकवते असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "इथं कोण शिकते फ्रेंच?" कॅनडाला जायचं असलेली पोरं शिकतात, मोठ्या कंपनीत चिकटायचं असलेली शिकतात, आणि आईवडिलांनी उन्हाळ्यात घरी बसू नको म्हणून पाठवलेलीही शिकतात. क्लास राजकमल चौकाच्या मागच्या गल्लीत, मोबाइलच्या दुकानावर आहे. मार्चपासून खोलीत कूलर लागतो आणि त्याच्या घरघरीत फ्रेंचमधले नाकातले स्वर पार वाहून जातात. कूलर बंद केला तर पोरं वाहून जातात. असं वीसेक वर्षं चाललंय. मला वाटत होतं की या खोलीत मला वैताग आणणारं आता नवीन काही उरलेलं नाही.

त्या वर्षीच्या बॅचमध्ये अकोल्याचं एक जण होतं. कृषी विद्यापीठातून पदवी झालेली, मातीचा अभ्यास आवडीचा, आणि दक्षिण फ्रान्समध्ये पुढचं शिक्षण घ्यायचं नक्की ठरलेलं. त्यासाठी फ्रेंचची परीक्षा पास होणं भाग होतं. अमरावतीत मावशीकडे मुक्काम होता. यादीत एक नाव होतं, पण पहिल्याच दिवशी मला सांगण्यात आलं की हाक आडनावानं मारा. मी म्हटलं ठीक आहे. आडनावानं हाक मारायची पद्धत आपल्याकडे आहेच.

सुरुवातीचा धडा ओळख करून देण्याचा असतो. प्रत्येकानं शेजारी बसलेल्याची ओळख करून द्यायची. फ्रेंचमध्ये लिंगं दोनच, नपुंसकलिंग नाही. 'तो' म्हणजे 'इल' आणि 'ती' म्हणजे 'एल'. शेजारच्या मुलीची पाळी आली तेव्हा तिनं बाजूच्या या अकोल्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, इल का एल?"

मी उत्तर द्यायच्या आत शेजारून आवाज आला, "येल."

मला वाटलं उच्चार चुकला. मी म्हणाले, "येल नाही, एल."

"येल, मॅडम."

"जीभ अशी वर न्यायची नाही. एल."

"येल."

बॅच हसायला लागली. मग फळ्यावर मला तो शब्द लिहून दाखवण्यात आला, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. 'इल' आणि 'एल' यांना एकत्र करून फ्रान्समध्ये काही लोकांनी हे नवं सर्वनाम काढलंय, ज्यांना 'तो'ही नको आणि 'ती'ही नको त्यांच्यासाठी. मी त्याबद्दल वाचलं होतं. त्यावरून तिकडे भाषेचे पंडित, मंत्री, शिक्षक सगळे एकमेकांवर धावून जातात हेही वाचलं होतं. पण ते भांडण पॅरिसचं. ते बडनेरा स्टेशनला उतरून, ऑटो करून माझ्या वर्गात येईल असं कधी मनात आलं नव्हतं.

तास संपल्यावर मी थांबवून घेतलं. म्हणाले, "हे बघ, हा शब्द परीक्षेत चालतो की नाही मला माहीत नाही. फ्रान्समध्येच धड चालत नाही."

"मॅडम, मराठीत तुम्ही मला काहीही म्हणा. माझी तक्रार नाही. फ्रेंचमध्ये मात्र येल म्हणा."

"काहून?" चिडले की माझ्या तोंडून वऱ्हाडी निघते.

"मराठीत माझ्याबद्दल सगळ्यांचं आधीच ठरलेलं आहे. फ्रेंचमध्ये मला अजून कोणी ओळखत नाही. तिथली सुरुवात तरी माझ्या हातानं होऊ द्या."

मी पर्स उचलली आणि जिना उतरले.

आता हे लिहिताना माझीच पंचाईत झाली आहे, कारण मराठीत क्रियापद लिंगाशिवाय हलत नाही. 'आला' लिहू की 'आली'? म्हणून मी इथे 'लेकरू' म्हणणार आहे. आमच्याकडे तिशीच्या माणसालाही लेकरू म्हणतात, आणि लेकरू 'येतं', 'म्हणतं', 'हट्ट करतं'. वाचकांना उत्सुकता असेल की मुळात मुलगा की मुलगी. आमच्या शेजारणीलाही होती. तिलाही मी सांगितलं नाही.

सर्वनाम ही तर नुसती सुरुवात होती. लेकराच्या वहीत ठिपके आले. फ्रेंचमध्ये विशेषणसुद्धा माणसाप्रमाणे बदलतं. पुरुष खूश असेल तर 'कोंतां', बाई खूश असेल तर 'कोंतांत'. दोन्ही एकत्र दाखवायचे म्हणून तिकडे शब्दाच्या पोटात एक ठिपका देतात, आणि ठिपक्यापुढे स्त्रीलिंगाचं शेपूट लावतात. मराठीत 'शिक्षक·इका' लिहावं तसं. अनेकवचन असलं की आणखी एक ठिपका. लेकरानं 'माझा दिवस' या विषयावर निबंध लिहिला, तर त्या पानाला गोवर आल्यासारखं दिसत होतं. माझं लाल पेन कुठे लावू मला कळेना. खूण केली तर चूक म्हणाल्यासारखं, नाही केली तर बरोबर म्हणाल्यासारखं.

मी म्हणाले, "वाच मोठ्यानं."

लेकरू वाचत गेलं आणि पहिल्या ठिपक्यापाशी अडलं. मग दोन्ही रूपं एका दमात म्हणून पुढे गेलं. "कोंतां-कोंतांत." वर्गात खसखस पिकली.

"बघ," मी म्हणाले. "जे वाचता येत नाही ते कागदावर कशाला?"

"मॅडम, फ्रेंचमध्ये शेवटची अर्धी अक्षरं वाचतच नाहीत. तुम्हीच शिकवलं."

ते खरं होतं. त्याचा मला इतका राग आला की मी त्या दिवशी सगळ्यांना क्रियापदांची चार पानं घरी करायला दिली.

आठवड्याभरात क्लासच्या मालकांचा फोन आला. त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांना फ्रेंच येत नाही, पण कोणत्या बॅचमधून कोण गळणार हे त्यांना आधी कळतं. "मॅडम, अकोल्याच्या त्या ॲडमिशनचं काय चालू आहे? बाकीच्यांचे पालक विचारतात, की परीक्षेत तिसरंच काही लिहायचं आहे काय. आपल्याला पास करून द्यायचं आहे. समाजसुधारणा नंतर."

सर प्रत्येक विद्यार्थ्याला ॲडमिशन म्हणतात. 'ती ॲडमिशन आली', 'ती ॲडमिशन गेली'. मी त्यांना म्हणाले, "तुम्ही तर सगळ्या वर्गालाच बाई करून ठेवलं आहे."

"काय?"

"काही नाही. सांगते मी."

पण मी काही सांगितलं नाही. रागाचं मूळ दुसरीकडे होतं, ते मला घरी भाकरी थापताना हळूहळू कळत गेलं.

माझी आई अकोला जिल्ह्यातल्या हिवरखेडच्या शाळेत मराठी शिकवायची. आता निवृत्त आहे, माझ्याकडेच असते. आमच्या वऱ्हाडात बाई 'मी गेली', 'मी आली' म्हणते. आईनं आमच्या तोंडातून ते काढलं. 'गेली' म्हटलं की ताटातला घास थांबायचा. "गेले. म्हण, मी गेले." मी गेले म्हटल्यावर घास पुढे जायचा. आमच्यासारख्या घरांत शुद्ध बोलणं ही हौस नव्हती. बाहेर बसायला खुर्ची मिळावी म्हणून ते होतं. पुढे मी हैदराबादला फ्रेंच शिकायला गेले, तेव्हा वर्गातल्या बाकीच्यांना शाळेपासून फ्रेंच येत होतं. मला अकोल्याच्या बाहेरचं काही येत नव्हतं. मी एकेक नियम घोकला. टेबल स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी, दार स्त्रीलिंगी. का असं विचारायची माझी ऐपत नव्हती. नियम धरून मी वर आले, आणि आता हे लेकरू त्याच नियमाच्या मधोमध ठिपका देऊन म्हणतं की मला हा पटत नाही. मी मनात म्हणायचे, तुला हे परवडतं बाबा.

परीक्षा जवळ आली तसं मी लेकराला रविवारी घरी बोलावू लागले, कारण लेखी भाग कच्चा होता. हॉलमध्ये आई दिवाणावर तुरीच्या शेंगा सोलत बसलेली असायची. एका रविवारी मी ठरवूनच बसले. म्हणाले, "आज एक पान लिहायचं. स्वतःबद्दल. एकही ठिपका नको. आणि वाचणाऱ्याला तू बाई की पुरुष हेही कळता कामा नये. फ्रेंचमध्ये अशी विशेषणं आहेत जी दोघांना सारखीच लागतात. 'शांत' आहे, 'प्रामाणिक' आहे. 'व्यक्ती' हा शब्द कोणालाही स्त्रीलिंगीच लागतो. तेवढ्यावर भागव."

मला वाटलं दुपार जाईल. मी चहा टाकून आले तोवर पान भरलं होतं. मी चूक शोधत वाचलं. एक सापडली, ती स्पेलिंगची. बाकी पान स्वच्छ होतं, आणि वाक्यं ओढूनताणून केलेली नव्हती. हे कोणी लिहिलंय ते खरंच कळत नव्हतं.

माझा राग गेला नाही, दुप्पट झाला. "हे येत होतं तुला? मग सहा-सात महिने माझ्या डोक्यावर ते ठिपके काहून मारले?"

"हे लपणं झालं, मॅडम. लपायला मला मराठीतच येतं. ठिपका दिसतो."

दिवाणावरून आई बोलली. "मी मघापासून ऐकते आहे. हे लेकरू 'मी येतो' म्हणत नाही, 'मी येते' म्हणत नाही. 'मला यायचंय' म्हणतं, नाहीतर 'येईन'. 'मी वाचलं', 'मी लिहिलं'. जिथं क्रियापद उघडं पडतं ती वाक्यंच घेत नाही."

मी लेकराकडे पाहिलं. इतके महिने मी हे बोलणं ऐकत होते. भाषा शिकवणं हा माझा धंदा, आणि माझ्या कानावरून हे सगळं गेलं होतं, कारण मी फ्रेंचमधल्या चुका मोजत होते.

आईनं शेंगांची परात खाली ठेवली. म्हणाली, "रोज असं बोलायचं? सगळ्यांशी? दमत नाहीस का..." आणि थांबली. पुढे 'गं' लावायचं की 'रे', तिला कळेना. सगळं आयुष्य दुसऱ्यांची वाक्यं पुरी करण्यात गेलेल्या बाईचं वाक्य लटकलं. मग ती म्हणाली, "दमत नाहीस का बाप्पा?"

'बाप्पा' आमच्याकडे कोणालाही म्हणतात. आईनं तो शब्द घरात कधी वापरू दिला नव्हता.

"दमायला होतं, आजी," लेकरू म्हणालं. "खूप दमायला होतं."

आईनं त्याच्यापुढे दह्यातल्या गिला वड्याची बशी सरकवली.

त्याच आठवड्यात लेकराचे वडील क्लासवर आले. न सांगता, अकोल्याहून सकाळच्या गाडीनं. हातात रुमाल, खिशात चष्मा, आवाज खाली ठेवायचा प्रयत्न. पाणी प्यायले आणि सरळ विचारलं, "मॅडम, राग नका मानू. हे तुमच्या फ्रेंचनं घातलं काय आमच्या लेकराच्या डोक्यात?"

"फ्रेंचनं?"

"आमच्या घरी असं कधी नव्हतं. क्लास लावला अन् हे सुरू झालं. मावशी सांगून राहिली, का वहीत सगळं ठिपके ठिपके हाय."

माझा तोल गेला. मी म्हणाले, "भाऊ, फ्रेंचसारखी याबाबतीत हट्टी भाषा नाही. तिथं टेबलसुद्धा बाई आहे आणि खिळा पुरुष आहे. मी स्वतः त्या ठिपक्यांना कंटाळले आहे. तुम्ही मला बोल लावायला आलात, क्लासचे सर मला बोल लावतात, आणि तुमचं लेकरू तर रोजच लावतं. मी काय करू सांगा."

ते जरा दचकले. मग रुमालानं मान पुसून म्हणाले, "मी घरी काय म्हणू? हाक तं माराच लागते नं."

"नावानं मारा."

"नाव बी बदलायचं म्हणते."

मी ऐकत होते. अकोल्याच्या बोलीत 'तो म्हणते' आणि 'ती म्हणते' यांत फरकच नाही. हे गृहस्थ अर्धा तास आपल्या लेकराबद्दल बोलत होते. मध्येच एखादं क्रियापद जुन्या सवयीनं लिंग घेऊन यायचं, ती क्रियापदं मी इथे गाळली आहेत. पण बहुतेक वेळा 'ते म्हणते, ते जाते, ते ऐकत नाही' हेच चाललं होतं. मी त्यांना तसं म्हणून दाखवलं.

"ते तं बोलणं हाय, मॅडम," ते वैतागून म्हणाले. "त्यात काय?"

तेही बरोबरच होतं. बोलीतल्या एका क्रियापदानं त्यांच्या घरातला प्रश्न सुटणार नव्हता. पातूरला त्यांच्या भावाच्या घरी लग्न होतं, आणि तिथं या लेकरानं कोणते कपडे घालून कोणाच्या पंगतीत बसायचं, यावरून घरात आठ दिवस कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ते सांगताना त्यांचा आवाज फाटला. मी त्यांना आणखी एक ग्लास पाणी दिलं.

निघताना चपला घालत त्यांनी विचारलं, "पास होईन नं पण?"

"होईल."

"बस मग," असं म्हणाले आणि ऊन चढायच्या आत स्टेशनला जायला निघाले.

परीक्षा नागपूरला होती. आदल्या दिवशी मी फोनवर बजावलं, "ठिपका द्यायचा नाही. येल म्हणायचं नाही. तपासणारा कोण असेल माहीत नाही. त्या रविवारसारखं लिही, पास हो, फ्रान्सला जा आणि तिथं काय गोंधळ घालायचा तो घाल."

"हो मॅडम."

परीक्षेच्या संध्याकाळी लेकराचा फोन आला. तोंडी परीक्षा चांगली झाली होती. शहरात मोटारींना बंदी असावी का, असा विषय होता. स्वतःबद्दल बोलायला 'मी' पुरतो, आणि फ्रेंचमधला 'मी' कोणाचंच काही उघडं करत नाही. मग मी लेखीचं विचारलं.

"एक ठिपका दिला, मॅडम."

"काय?"

"एकच. शेवटच्या ओळीत."

मी फोनवर जे बोलले ते पूर्ण वऱ्हाडीत होतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई आतून बाहेर आली. लेकरानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालं, "पूर्ण पानभर माझा पत्ताच नव्हता. कुठेतरी असायला पाहिजे ना."

निकाल लागेपर्यंत मी रोज सकाळी त्या एका ठिपक्यावर चडफडत होते. लेकरू पास झालं. लेखीत गुण कमी होते. ते ठिपक्यामुळे गेले की नेहमीच्या चुकांमुळे, हे कधीच कळलं नाही, कारण ते कोणी सांगत नाही. सरांनी क्लासच्या दारावर पास झालेल्यांची नावं लावली. अकोल्याच्या ॲडमिशनचं फक्त आडनाव लावलं. त्यांनी ते आपणहून केलं की छापणाऱ्याची चूक होती, हे मी विचारलं नाही.

सप्टेंबरात लेकरू गेलं. नागपूरच्या विमानतळावर आईवडील दोघंही गेले होते, एवढंच मला कळलं.

दोनेक महिन्यांनी व्हिडिओ कॉल आला. मागे छोटी खोली, खिडकीत कुंडी. मी अधीर होऊन विचारलं, "म्हणतात का येल?"

"प्रयोगशाळेतली एक मुलगी म्हणते. घरमालकीण विसरते. एका प्राध्यापकांनी पहिल्याच तासाला सांगितलं, हे फ्रेंच नाही, मी वापरणार नाही."

"आणि तू काय केलंस?"

"त्यांचा विषय चांगला आहे. बसून राहायचं ठरवलं." मग हसून म्हणालं, "इथं बेकरीत नुसतं बोंजूर म्हटलं तर उद्धट समजतात. पुढे मॅदाम नाहीतर मस्यू लावायलाच लागतं. काउंटरवरची बाई मला एक दिवस मॅदाम म्हणते, एक दिवस मस्यू. पाव मात्र रोज चांगला देते."

मी इकडे कपाळावर हात मारला. एवढा आटापिटा करून पोहोचायचं, तर तिथंही तेच. मी म्हणाले, "मग काय उपयोग झाला?"

"इथं विचारतात तरी, मॅडम. चिडतात, पण आधी विचारतात. अकोल्यात कोणी विचारलंच नव्हतं." मग मातीच्या नमुन्यांवरचा अहवाल लिहायचा होता, त्यातली दोन वाक्यं मला वाचून दाखवली. दोन्हीत क्रियापदाचा काळ चुकला होता. मी रागावून ती दुरुस्त केली. वडिलांचं विचारलं, तर म्हणालं, फोन करतात, जेवण विचारतात, हाक काहीच मारत नाहीत. सरळ 'हॅलो' म्हणून सुरू करतात.

आता जूनमध्ये नवी बॅच आली. पहिल्या धड्याला मी फळ्यावर 'इल' लिहिलं, 'एल' लिहिलं. मला अजूनही तो ठिपका आवडत नाही. त्याच्या बाजूनं बोलायला मला कोणी सांगितलं तर मी धड बोलू शकणार नाही. तरी मी खाली तिसरा शब्द लिहिला आणि तो कोणासाठी आहे ते सांगितलं. त्यात पंधरा मिनिटं गेली, आणि टेबल स्त्रीलिंगी का हा प्रश्न त्या दिवशी राहून गेला.

मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "मॅडम, हे परीक्षेत येते काय?"

"येत नाही," मी म्हणाले. "लिहून घ्या."

अर्ध्यांनी लिहून घेतलं.